सांधेबदलाचा अर्धवट हिशेब

सोलापूर हे पायांच्या जोरावर चाललेलं शहर आहे. यंत्रमागावरचा कामगार पाळी संपेपर्यंत उभा असतो, आणि विडी वळणाऱ्या बाईच्या कामाला तर पाळीच नसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, बोटांत दोरा. हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत ती मांडी मोडत नाही, आणि मोडते तेव्हा उठायला भिंतीचा आधार लागतो. बीजिंगमधल्या वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत, तरुणपणी दिवसातले बरेच तास उकिडवं बसणाऱ्यांच्या गुडघ्यांत झीज जास्त आढळली होती. मांडी घालून बसण्याचा पुरावा इतका स्वच्छ नाही, पण वय, वजन, पायांचा बाक आणि वर्षानुवर्षांची बैठक एकत्र आली की काय होतं ते इथल्या कुठल्याही अस्थिरोग विभागाबाहेरच्या बाकांवर दिसतं. ‘वंगण संपलंय’, ‘वाट्या बदलायला सांगितल्यात’ ही तिथली नेहमीची भाषा. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्णही सोलापूरलाच येतात. एके काळी पुण्या-मुंबईची वाट धरायला लावणारी ही शस्त्रक्रिया आता इथेच होते, आणि म्हणून ‘होते का?’ हा प्रश्न मागे पडला आहे. कोणाची करायची, केव्हा करायची आणि घरी गेल्यावर त्या सांध्याचं काय होतं, हे प्रश्न उरले आहेत. सांधेबदलाचं यश बहुतांशी शस्त्रक्रियेच्या टेबलाबाहेर ठरतं, आणि आपला पैसा, जाहिराती व चर्चा मात्र टेबलावरच्या वस्तूंभोवती फिरत राहतात, असं माझं मत आहे. पुरावा काय सांगतो ते पाहू.

आधी या शस्त्रक्रियेचं श्रेय तिला द्यायला हवं. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या रायटिंग्टनला जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी यांचा खुबा बसवायला सुरुवात केली. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चालता करणारे जे थोडे उपाय वैद्यकाला सापडले, त्यांत हा अगदी वरचा मानावा लागेल. आपल्याकडे सामान्य माणसाला त्याची ओळख झाली ती २००० साली, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला तेव्हा. पुढच्याच वर्षी दुसराही बदलला. टिकाऊपणाचे आकडेही भक्कम आहेत. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासात अनेक देशांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. खुब्यांत हे प्रमाण ५८ टक्के होतं. जिवाचा धोकाही उतरला आहे. इंग्लंड-वेल्समध्ये गुडघा बदलल्यानंतरच्या ४५ दिवसांतले मृत्यू २००३ मध्ये ०.३७ टक्के होते, ते २०११ मध्ये ०.२० टक्क्यांवर आले. ‘टेबलावर राहिलो तर?’ ही भीती साहजिक आहे, पण खरी काळजी करायची जागा ती नव्हे.

ती जागा दुसऱ्या एका आकड्यात आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात गुडघा बदललेल्यांना वर्षभरानंतर विचारलं, तर पाचातला जवळपास एक जण समाधानी नव्हता. इतर देशांतल्या अभ्यासांचा आढावाही तेच सांगतो. गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांना दीर्घकाळ त्रासदायक दुखणं उरतं, खुब्यात हे प्रमाण साधारण निम्मं आहे. एक्स-रे उत्तम, सांधा जागेवर, टाके भरलेले, आणि तरी रुग्ण म्हणतो, ‘पहिल्यासारखं नाही.’ यातल्या काहींचं दुखणं मुळात कमरेचं असतं, काहींचा गुडघा आधी फारसा झिजलेलाच नसतो, आणि बऱ्याच जणांनी या सांध्याकडून भलतीच अपेक्षा धरलेली असते. सोलापुरात ही शेवटची बाब कळीची आहे. कृत्रिम गुडघा चालण्यासाठी उत्तम असतो, जमिनीवर बसण्यासाठी बेताचाच. तो किती वाकेल हे आधी तो किती वाकत होता यावर अवलंबून असतं. जास्त वाकणारा म्हणून वेगळा सांधा विकला जातो खरा, पण साध्या सांध्याशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत दोघांच्या वाकण्यात लक्षात यावा असा फरक फारसा दिसलेला नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्यामुळे ‘वारीला जाता येईल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना हमखास येतो. सपाट रस्त्यावर चालणं हे तर या सांध्याचं कामच. अडचण येते ती दिंडीच्या पंगतीला, भुईवर बसून उठताना. हे आधी सांगितलं तर रुग्ण घडीची खुर्ची बरोबर घेतो. नंतर कळलं तर ऑपरेशन फसलं असं समजतो. विडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण जी बैठक तिला टाळायला सांगतात तिच्यावरच तिची मजुरी आहे. उंच पाटावर किंवा खुर्चीत बसून सूप पुढे ठेवता येईल अशी सोय करता येईल का, ही चर्चा शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी व्हायला हवी.

मग केव्हा करायची? या प्रश्नावर सर्वांत उपयोगी पुरावा डेन्मार्कमधल्या एका छोट्या, पण नेटक्या चाचणीचा आहे. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेला पात्र असलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला गुडघा बदलून त्यानंतर १२ आठवड्यांचा व्यायाम, आहार, बुटातली पट्टी आणि औषधं यांचा कार्यक्रम दिला. दुसऱ्याला नुसता कार्यक्रम. वर्षभराने शस्त्रक्रियावाल्यांचा फायदा जवळपास दुप्पट होता, यात शंका ठेवायला जागा नाही. पण नुसत्या कार्यक्रमाच्या गटातही तीनांतल्या दोघांना जाणवण्याजोगा आराम पडला होता, वर्षभरात फक्त चौथ्या हिश्शाच्या लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि गंभीर गुंतागुंतींची संख्या एकीकडे २४, दुसरीकडे ६ होती. ही चाचणी दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीने उद्धृत करतात. माझ्या मते ती एवढंच सांगते: शस्त्रक्रिया जास्त देते आणि जास्त मागते, म्हणून जो कमी मागणाऱ्या उपायाने निभावून नेऊ शकतो त्याला आधी तो उपाय खरोखर मिळाला पाहिजे. ‘खरोखर’ हा शब्द जपून वापरला आहे. झेरॉक्सच्या कागदावर व्यायामाची सहा चित्रं हातात देणं म्हणजे व्यायामाचा उपाय करून पाहणं नव्हे. अमेरिकेत ठरावीक निकष लावून तपासलं तेव्हा गुडघेबदलाच्या सुमारे एक तृतीयांश शस्त्रक्रिया अनुचित ठरल्या होत्या. तिथे हे होत असेल तर मोफत तपासणी शिबिरातून थेट ऑपरेशनच्या तारखेपर्यंत पोचणाऱ्या वाटेवर आपल्याकडे काय होत असेल, याचा विचार केलेला बरा.

यावर शल्यविशारदांचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, आमच्याकडे लोक लवकर नाही, फार उशिरा येतात. पाय धनुष्यासारखे बाकलेले, गुडघा सरळ होत नाही, मांडीचे स्नायू वाळलेले, आणि तोवर वर्षानुवर्षं मेडिकलमधून मिळेल त्या वेदनाशामक गोळ्यांवर काढलेली. त्यात मूत्रपिंडंही गेलेली. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया अवघड होते आणि निकालही उणा राहतो. हे सगळं मान्य. पण उशीर आणि घाई हे दोन्ही दोष एकाच गावात सुखाने नांदू शकतात. पैसेवाल्याची घाई होते, गरिबाला उशीर होतो, आणि दोघांनाही मधली पायरी, म्हणजे स्नायू बळकट करणं, वजन उतरवणं, साखर ताब्यात आणणं, कोणी धड चढू देत नाही. वजनाचंच घ्या. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं मोजमाप आहे. वयाचा मुद्दाही याच हिशेबातला. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता ब्रिटिश आकडेवारीनुसार पाच टक्क्यांच्या आसपास आहे. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्यांदा बदललेला सांधा पहिल्याइतका चांगला क्वचितच होतो, आणि खर्च मात्र कितीतरी वाढतो.

गरिबाच्या बाजूने आणखी एक हरकत घेता येते. हजारावर मजुरी मिळणाऱ्या बाईला १२ आठवडे फिजिओथेरपीला जायला वेळ आणि रिक्षाभाडं कुठून येणार? तिच्यासाठी योजनेतली शस्त्रक्रियाच व्यवहार्य. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच सर्व शिधापत्रिकाधारकांना आणि पाच लाखांपर्यंत देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला, तेव्हापासून हा युक्तिवाद अधिकच पटण्याजोगा वाटतो. पण शस्त्रक्रियेनंतर व्यायाम चुकत नाही, उलट तो सक्तीचा होतो. ज्या बाईला आधी १२ आठवडे जमत नाहीत तिला नंतरचे तीन महिने कसे जमणार? या हरकतीतून निघतो तो निष्कर्ष वेगळाच आहे: व्यायाम शिकवणारा माणूस रुग्णाच्या वस्तीपर्यंत पोचला पाहिजे. सोलापुरात हे अशक्य नाही. विडी कामगारांची वस्ती इथे विखुरलेली नाही. विडी घरकुल, कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत, तिथली हजारो घरं एका जागी आहेत. आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट तिथल्या सभागृहात बसला तर जे काम होईल ते रुग्णालयातल्या महागड्या यंत्राने होणार नाही.

धोक्यांचं बोलायचं तर रक्ताच्या गुठळ्या, भूल, रक्तस्राव यांवर गेल्या वीस वर्षांत पुष्कळ ताबा आला आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. जंतुसंसर्गाने मात्र अजून हार मानलेली नाही. शंभरातल्या एकदोघांनाच तो होतो, पण ज्याला होतो त्याचं वर्ष जातं. अनेकदा बसवलेला सांधा काढायचा, तिथे प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, काही आठवडे औषधं द्यायची आणि मग नवा सांधा बसवायचा, अशी दोन टप्प्यांची कसरत करावी लागते. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तक्षय, तंबाखू आणि किडलेले दात ही संसर्गाची आधीच माहीत असलेली दारं आहेत, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधीच लावून घ्यायची असतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी आठच्या वर असेल तर बहुतेक जाणते शल्यविशारद तारीख पुढे ढकलतात. रुग्णाला तो अपमान वाटतो. प्रत्यक्षात ती त्याची सर्वांत मोठी सेवा असते. दोन्ही गुडघे एकदम करण्याची आपल्याकडची हौस मात्र मला खटकते. एकच भूल, एकच सुट्टी, एकच बिल हा हिशेब घरच्यांना पटतो. तरुण, धडधाकट रुग्णात तो योग्यही असू शकतो, पण सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसात एकाच वेळी दोन्ही करणं म्हणजे हृदय-फुप्फुसांच्या गुंतागुंतींना निमंत्रण. खुब्याची कथा तर वेगळीच आहे. भारतीय शल्यविशारदांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या ऐच्छिक नोंदवहीचा अहवाल दिला, त्यात पहिल्यांदा खुबा बदललेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं कारण झीज नसून हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं हे होतं. हा आजार चाळिशीतल्या, तिशीतल्या पुरुषांना गाठतो. दारू आणि स्टेरॉइड ही त्याची ओळखीची कारणं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांत तो दिसल्याची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. तिशीतल्या माणसाला २५ वर्षं टिकणारा खुबा म्हणजे आयुष्यात दोन-तीन शस्त्रक्रिया, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

आता टेबलावरच्या वस्तूंकडे येऊ. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली, वर जीएसटी. व्यापाऱ्यांच्या साखळीतला नफा किती होता हे त्या दिवशी उघडं पडलं. किंमत उतरली म्हणजे दर्जा उतरणार, अशी हाकाटी तेव्हा झाली. पण जगभर सर्वांत जास्त काळ टिकल्याची नोंद ज्या सांध्यांच्या नावावर आहे ते याच साध्या, जुन्या, कोबाल्ट-क्रोमियमच्या जातीचे आहेत. ‘सोन्याचा मुलामा’ आणि ‘३० वर्षांची गॅरंटी’ यांना तसा आधार नाही. शिवाय लगाम फक्त सांध्याला आहे. खोलीभाडं, शल्यविशारदाची फी, थिएटर मोकळंच आहे. त्यामुळे स्पर्धा आता रोबोटवर आली. रोबोटच्या मदतीने हाड अधिक अचूक कापलं जातं, हे खरं. मात्र कोरियात प्रत्येक गटात साडेसहाशेहून अधिक रुग्ण घेऊन सरासरी १३ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दुखणं, हालचाल आणि सांध्याचं टिकणं यांत रोबोटचा आणि हाताने केलेल्या शस्त्रक्रियेचा फरक निघाला नाही. तो जुना रोबोट होता, आताचे वेगळे आहेत, असं उत्तर मिळतं. असतीलही. नव्या यंत्राचे सांधे जास्त टिकतात की नाही हे कळायला १५ वर्षं लागतील, आणि तोवर जास्तीचे पैसे देणारा रुग्ण सुधारणेसाठी नव्हे, शक्यतेसाठी देत असतो. वर्षाला शेकडो सांधे बसवणारा अनुभवी हात आणि जंतूंच्या बाबतीत शिस्तीचं थिएटर, यांच्यावर तो खर्च झाला तर मला जास्त पटेल.

घरी परतल्यानंतरचे सहा आठवडे हा या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकवायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दिवसातून कितीतरी वेळा. पाहायला क्षुल्लक, करायला जीव कासावीस करणारा हा व्यायाम गुडघा सरळ होतो की नाही ते ठरवतो. नेमकी याच काळात घरातली माया आड येते. आईला दुखतंय म्हणून सून गुडघ्याखाली मऊ उशी ठेवते, आईला बरं वाटतं, आणि महिन्याभरात गुडघा त्या उशीच्या बाकात आखडतो. दीड-दोन महिन्यांत तो काटकोनापर्यंतही वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन जबरदस्तीने वाकवण्याची वेळ येऊ शकते. वॉकर साधारण काही आठवडे, मग काठी, तीन महिन्यांत बाजारहाट, आणि पुरता सरावायला वर्ष, हा सर्वसाधारण क्रम आहे. गुडघा कित्येक महिने कोमट लागतो, बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, चढताना टकटक आवाज येतो. या गोष्टी आधी सांगितल्या नसल्या की शेजारणीच्या सल्ल्याने शेकशेगडी आणि मालीश सुरू होते. ताप, वाढती लाली, जखमेतून पाणी येणं ही मात्र थांबायची लक्षणं नव्हेत, त्याच दिवशी जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे जायचं. आणि घर? उंबरा किती उंच, संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, नळ अंगणात की आत, वरच्या मजल्याच्या जिन्याला कठडा आहे का, हे चार प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारणारं रुग्णालय मला रोबोट असलेल्या रुग्णालयापेक्षा पुढारलेलं वाटतं. प्लास्टिकची कमोड-खुर्ची काही हजारांत मिळते. ती योजनेच्या पॅकेजचा भाग का असू नये?

इथवर वापरलेले जवळपास सगळे आकडे अमेरिका, इंग्लंड, डेन्मार्क, कॅनडा, कोरियाचे आहेत, आणि ते सोलापूरला लावता येतात का, ही शंका रास्त आहे. आपला रुग्ण तरुण, जास्त बाकलेला, जास्त मधुमेही आणि भुईवर बसणारा. म्हणूनच आपले आकडे हवेत. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. आपल्याकडे संघटनेची ऐच्छिक नोंद आहे, सक्तीची नाही, आणि ज्याचा निकाल वाईट तो ऐच्छिक नोंदीत सहसा येत नाही. याची किंमत आपण मोजली आहे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत वारंवार बिघडताना दिसला, तिथल्या बाजारातून तो २००९ मध्ये गेला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावण्यात आला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने गुन्हा नोंदवला, केंद्राने पुढे तज्ज्ञ समिती नेमली, समितीने किमान २० लाखांच्या भरपाईची शिफारस केली. पण त्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. भरपाई द्यायची कोणाला?

राष्ट्रीय नोंदवहीला वेळ लागेल, पण जिल्ह्यापुरती सुरुवात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून होऊ शकते. सोलापुरातली सरकारी, सहकारी आणि खासगी रुग्णालयं मिळून रुग्णाचं वय, कारण, साखर, सांध्याचा प्रकार, एका वर्षाने आणि पाच वर्षांनी विचारलेले तीन-चार प्रश्न, एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ झालं. तोवर रुग्णाच्या हाती एक काम आहे. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात कंपनीचं नाव, मॉडेल आणि लॉट नंबर छापलेले छोटे स्टिकर असतात. त्यांतला एक संच आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागायचा आणि ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचं.